पायाचा पंप

सुरेशभाऊंनी काउंटरवर दोन यंत्रं शेजारी शेजारी मांडली आणि विचारलं, "धरणारा कोण आहे तुमच्यासंगं?"

नेमका हाच प्रश्न गुणवंताला नको होता. तो म्हणाला, आधी दोन्ही दाखवा तर खरं.

सौसरच्या बाजारातल्या सुरेशभाऊंच्या विजेच्या सामानाच्या दुकानात तो सकाळीच येऊन बसला होता. रामाकोना रोडवरच्या जिनिंग कारखान्यातलं विजेचं काम हातात होतं. मनगटाएवढी जाड केबल, तिच्या प्रत्येक तारेवर ॲल्युमिनियमचं थिंबल, म्हणजे जोडणीची पोकळ टोपी, चढवायचं आणि यंत्राने असं आवळायचं की दोन्ही एकजीव झाली पाहिजेत. ढिलं राहिलं तर ऐन हंगामात तापतं आणि सगळं पॅनल जाळून टाकतं. गुणवंताच्या जुन्या यंत्राने तर तेल गळून गळून मान टाकली होती, आणि दोन दिवसांत जिनिंगवर कापसाच्या गाड्या लागणार होत्या.

पहिलं यंत्र हाताचं. एकाने दोन्ही हातांनी दांडे दाबायचे, दुसऱ्याने केबल आणि थिंबल सरळ धरायचं. दुसऱ्या यंत्राचा जबडा वेगळा, त्याला लांब नळी, आणि नळीच्या टोकाला जमिनीवर ठेवायचा पंप. तो पायाने दाबायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

"एकटा माणूस असन तर पायाचा बेस," सुरेशभाऊ म्हणाले. "दोघं असान तर हाताचाच न्या. हलका आहे."

धरणारा मंगेश होता. एकोणीस वर्षं मंगेशने धरलं आणि गुणवंताने दाबलं. जूनमध्ये मंगेशला बुटीबोरीच्या एका कंपनीत नोकरी लागली. दिवाळीपर्यंत पाहतो, जीव नाही रमला तर वापस येतो, असं सांगून तो गेला. गुणवंताने ते शब्द गाठीला बांधून ठेवले. चार महिने मोठ्या केबलचं काम आलं की तो काहीबाही निमित्त काढून परतवायचा आणि पंखे नि मोटारी खोलून दिवस ढकलायचा. जिनिंगच्या या कामाला मात्र त्याला नाही म्हणता आलं नव्हतं. दुसरा माणूस धर, असं घरी सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्याने मनावर घेतलं नाही. टपरीवर चहाला जाणंही त्याने सोडलं होतं, कारण टपरीवाला सवयीने त्याच्यापुढे दोन कप ठेवायचा. गुणवंताला फार एकटं वाटायचं, आणि पन्नाशीच्या माणसाने हे सांगावं तरी कुणाला.

त्याचा हात पहिल्या यंत्राकडे गेला. जड नव्हतं. दांडे मुठीत नीट बसत होते. हेच द्या, असं तो म्हणणारच होता. पण यंत्र निवडायचं काम आजवर मंगेशचं. त्याला न विचारता कसं घ्यायचं? गुणवंताने फोन लावला.

पलीकडे मशीनचा घरघराट होता. मंगेश बाजूला गेला आणि पूर्वीसारखाच एकेक गोष्ट खोदून खोदून विचारू लागला. जबड्यात बसवायच्या डाय कोणकोणत्या मापाच्या, नळी किती लांब, तेल कुठून भरायचं. गुणवंता हौसेने सांगत राहिला. चार महिन्यांत तो एवढं सलग कुणाशी बोलला नव्हता. हाताचा कसा हलका आहे, तेही त्याने दोनदा सांगितलं.

मंगेशने सगळं ऐकून घेतलं.

"पायाचा घे गुणवंता," तो म्हणाला. "हाताच्याले दोन माणसं लागतात." आणि जरा थांबून, "खोली पाहिली मी इकडं. दिवाळी झाली का बायको-लेकराइले आणून राहिलो."

"बेस केलं," गुणवंता म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि हाताचं यंत्र काउंटरवर मागे सारलं.

सुरेशभाऊंनी पंप जमिनीवर ठेवला आणि केबलचा एक तुकडा नि एक थिंबल त्याच्या हातात दिलं. करून पाहा म्हणाले, मग न्या. गुणवंताने तुकडा थिंबलात बसवला, थिंबल जबड्यात धरलं आणि पंपावर पाय ठेवला. पाय तसाच राहिला.

फार पूर्वी एकदा गुणवंताने घाई केली होती आणि मंगेशचं नख गेलं होतं. त्या दिवशी दोघांनी ठरवून टाकलं, की धरणारा 'दाब' म्हणेपर्यंत दाबणाऱ्याने हलायचं नाही. एकोणीस वर्षांत तो शब्द हजारो वेळा ऐकला असेल. तो ऐकल्याशिवाय दाबायची सवयच उरली नव्हती.

"दाबा ना," सुरेशभाऊ म्हणाले. "काहून थांबले?"

"हो," गुणवंता म्हणाला. पाय तरी हलेना.

बाहेर मोहगावची गाडी भरत होती, कंडक्टर ओरडत होता. गुणवंताने मान खाली घातली. थिंबल जरा तिरकं होतं, ते त्याने सरळ केलं. मग एक डोळा मिटून पाहिलं, मंगेश पाहायचा तसं. आणि हळूच म्हणाला, "दाब."

सुरेशभाऊ लगबगीने काउंटरच्या बाहेर आले. "मी दाबू का?"

"नाही," गुणवंता म्हणाला. "तुमाले नाही म्हटलं."

आणि त्याने पायाने पंप दाबला.