सगळ्यांचे माइक बंद

या मायबापहो, थोडे जवळ सरकून बसा. इंदिरानगरातल्या कुमुदताईंची गोष्ट ऐका, भीती वाटली तरी मधेच उठू नका.

तीस वर्षं वृंदगान शिकवलेल्या ताई आता दर रविवारी सकाळी लॅपटॉपसमोर बसतात, आणि गावोगावची चाळीस माणसं त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर घरूनच गातात. नेटवर आवाज पुढेमागे होऊन नुसता कालवा होतो, म्हणून ताई सगळ्यांचे माइक बंद करून टाकतात. ते कुणाला आपले आपण उघडता येत नाहीत. ताई एकट्या गातात आणि बाकीच्यांची हलणारी तोंडं बघून चूक पकडतात.

परवा प्रार्थनेच्या दुसऱ्या कडव्याला सगळ्यांचीच तोंडं चुकली. मालेगावची आफिया तर कॅमेऱ्याला चिकटून हातवारे करू लागली.

“आफिया, आधी ताल बघ,” ताई म्हणाल्या.

मग चाळीसच्या चाळीस माणसं ओरडायला लागली, आवाज एकाचाही नाही. आपल्या मागे कुणी उभं आहे की काय? त्यांनी वळून पाहिलं. घरात कुणीच नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून मंगलाबाई धापा टाकत आल्या. वरच्या मजल्यावर राहतात, याच वर्गात गातात, ताईंची किल्ली त्यांच्याकडेच असते.

“ताई, गाणं थांबवा. डावा हात उचला बघू.”

“उचललेलाच आहे की.”

हात मांडीवर पडून होता, आणि ओठ एका बाजूला ओघळला होता.

ताई अजून दवाखान्यात आहेत. आफिया नमाजानंतर त्यांच्यासाठी दुवा मागतेच आहे. संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा तुम्हीही देवाला कुमुदताईंचं नाव सांगा.