शेजारची खुर्ची

लावून घेतलेलं दार. पाण्याचा पेला. समोर नव्हे, शेजारी ओढलेली खुर्ची.

तीन देशांत बिझनेस स्कूलचे डीन झालेल्या साहेबांनी सगळीकडे हेच शिकवलं आणि स्वतः पाळलं: माणसाला कामावरून काढताना एवढं करावं, घाव हलका बसतो.

आज ते लगबगीने घरी आले. "अगं, चौथ्या देशातून बोलावणं आलंय. हे शेवटचं, तुझी शपथ."

"विंचवाचं बिऱ्हाड त्याच्या पाठीवर असतं. तुमचं कायम माझ्या पाठीवर," बायको शांतपणे म्हणाली. तिने दार लावलं, पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली.

"इथे शेजारी नको ना. समोर बस, हवं तेवढं भांड माझ्याशी," ते गयावया करू लागले.



पहिल्या देशात या धड्याची तालीम त्यांनी तिच्यावरच केली होती.