चुन्याच्या दोन रेघा

भंतेजींनी रानात चुन्याच्या दोन रेघा ओढल्या होत्या. मध्ये वीस पावलांचं अंतर. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत सावकाश जायचं, वळायचं, परत यायचं. बोलायचं नाही, मान वर करायची नाही. पाय उचलला की उचलल्याचं भान हवं, टेकवला की टेकवल्याचं.

वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्ष झालं होतं. असं ध्यानाचं शिबिर वस्तीत पहिलंच. एका दिवसाचं. ज्वारी काढलेल्या रानात सतरा माणसं उजाडल्यापासून अनवाणी चालत होती.

"जन्मभर पळत कामं केली," द्रुपदाबाई पुढच्या केराबाईच्या कानाशी पुटपुटली, "आन् आता म्हातारपणी चालाय शिकवायलेत."

केराबाईचे खांदे हसून हलले. भंतेजी रागावले नाहीत. पहिल्यांदाच सांगतोय अशा आवाजात त्यांनी पुन्हा सांगितलं, "उचला... पुढे न्या... टेकवा."

उगवतीच्या बांधावर दोन माणसं येऊन उभी राहिली. पुढच्या फेरीला पाच झाली. मग मोजता येईनात. सतराजणांच्या माना खाली होत्या. त्यांना फक्त धसकटांवर पडलेल्या लांब सावल्या दिसत होत्या. काही सावल्यांच्या हातात काठ्या होत्या.

बांगड्या विकणारा लालमहंमद रान तुडवत आला. त्याला गावातलं घरन् घर ठाऊक. तो द्रुपदाबाईजवळ थांबला.

"आक्का, बंद करा हे. पाटलाच्या नातवाला पहाटेपासून झटके यायलेत. लोक म्हणायलेत, वस्तीवाले मुक्यानं पावलं मोजून भानामती करायलेत."

"अगं आई! त्या लेकराची नाळ म्या कापली, दिवाळीत," द्रुपदाबाई म्हणाली. "म्या जाऊन बघते."

"तुमी तर जाऊच नका. पैलं नाव तुमचंच घ्यायलेत."

ओळ थांबली. बांधावरून गावातला सोमलिंग ओरडला, "का थांबलाव? झालं का लेकराला बांधून?"

लालमहंमदनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, पुन्हा घातली.

"भंतेजी, काय करावं?" द्रुपदाबाईनं विचारलं.

"थांबलो तर म्हणतील, करत होते म्हणून थांबले."

"आन् चाललो तर?"

भंतेजींनी चुन्याच्या रेघेकडे बघितलं. ते नागपुराहून आले होते. येरमाळ्याला उतरून सहा कोस पायी. संध्याकाळी ते परत जाणार होते. वस्ती इथंच राहणार होती.

"निदान आपण काय करतोय ते त्यांना दिसेल," ते म्हणाले. मग त्यांनी ओळीकडे पाहिलं. "उचला."

सतरा पाय उचलले गेले.

तेवढ्यात गावातून हंबरडा ऐकू आला. बाईचा. द्रुपदाबाईनं तो आवाज ओळखला. दिवाळीत रात्रभर हीच बाई तिचा हात धरून कळा देत होती.

सावल्या बांधावरून उतरल्या. धसकटं मोडल्याचा आवाज झाला. पहिली सावली चुन्याच्या रेघेवर आली.

भंतेजींच्या तोंडून पुढचा शब्द फुटला नाही. सतरा पाय अजून वरच होते.