बाटलीचे वय

नंदिनीने पिशवीतून आधी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी काढली, मग तिच्याखालची फडक्यात गुंडाळलेली व्हिस्कीची बाटली. बाटली रिकामी होती; पण दारूबंदीच्या जिल्ह्यात रिकामी बाटलीही उघड्यावर मिरवता येत नाही, हे बोरगाव मेघेहून नालवाडीला येताना तिने ध्यानात ठेवले होते.

वासुदेवरावांनी बाटली टेबलावर उभी केली आणि भिंग पुसायला घेतले. ते रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यात थेंबाला शिवले नव्हते. मात्र जुन्या बाटल्यांनी त्यांची कपाटे भरली होती, आणि लेबल पाहून बाटलीचा काळ सांगण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. "पेणारा वाचत नाई, अन् वाचणारा पेत नाई," असे त्यांच्या पत्नी रुख्माबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवीत.

नंदिनीचे म्हणणे थोडके होते. थंडी पडली तेव्हा रजई काढायला ती माळ्यावर चढली, आणि जुन्या गादीच्या वळकटीतून ही बाटली घरंगळली. तिच्या नवऱ्याने, अनुपने, लेक मेघा जन्मली त्या साली, म्हणजे दोन हजार सोळात, विहारात पंचशील घेऊन दारू सोडली होती. बाटली त्याआधीची आहे, तिथेच विसरून राहिली, असे त्याने सांगितले. तिला ते पटले नाही. लेबलावरचा महिना-सालाचा शिक्का ओलीने कुजून गेला होता, त्यामुळे वाद मिटण्याची सोय उरली नव्हती.

"काय निघन ते निघन," ती म्हणाली. "मले फकत खरं पायजे, सर."

खऱ्यासाठी वासुदेवरावांकडे येणे रास्तच होते. सख्ख्या भाच्याच्या साखरपुड्यात मुलाचे वय दोन वर्षांनी कमी सांगितले गेले, तेव्हा भर मांडवात उठून त्यांनी जन्मसाल दुरुस्त केले होते. लग्न मोडले. बहिणीने बोलणे टाकले. सत्याला नात्याची सूट नसते, हा सिद्धान्त तेवढा शाबूत राहिला, आणि गावभर त्याचा दाखला दिला जाऊ लागला.

"लेबल खोटे बोलत नाही, पोरी. ते फक्त तुटक बोलते," असे म्हणून त्यांनी भिंग खाली आणले. वरचे चित्र जुने होते, पण कंपन्या एकच चित्र पिढ्यान्‌पिढ्या चालवतात; त्यावर विसंबणे मूर्खपणाचे. पत्त्यात पिन क्रमांक होता. त्यावरून एवढेच ठरत होते की बाटली फार पुरातन नव्हे. किमतीचा भाग फाटून गेलेला. राहता राहिला तळाचा बारीक अक्षरांतला इशारा.

"नवी आहे, ना?" नंदिनी पुढे वाकली. मनगटावरचे सैल पुरुषी घड्याळ ती सारखे फिरवीत होती. आजच्या मुलींची ही एक तऱ्हाच, असे वासुदेवरावांच्या मनात येऊन गेले.

इशाऱ्याचे पहिले वाक्य पुसट होते. त्याच्या पुढे मात्र दुसरे वाक्य स्पष्ट होते: पिऊन वाहन चालवू नका. पूर्वी हा इशारा एका वाक्यात आटपत असे. दुसरे वाक्य दोन हजार एकोणीसमध्ये आले. म्हणजे बाटली शपथेनंतरची होती, आणि त्याबद्दल वादाला तिळभर जागा नव्हती.

त्यांनी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात रुख्माबाई उभ्या होत्या. त्यांना भिंगाची गरज पडली नाही. नवऱ्याचा चेहरा त्यांनी नुसत्या डोळ्यांनी वाचला. साखरेचा डबा काढून द्या म्हणून त्यांनी वासुदेवरावांना आत बोलावले आणि हलक्या आवाजात म्हटले, "एक लगन मोडलं तुमच्या खऱ्यानं. हिच्या पदरात लेकरू आहे. आज तोंड आवरा."

साखरेचा डबा हातात धरून वासुदेवरावांनी स्वतःशीच वाद घातला, आणि जन्मात प्रथमच ते हरले.

"बाटली जुनी आहे," बाहेर येऊन त्यांनी सांगितले. "दोन हजार पंधराच्या अलीकडची नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"एखादं साल इकडंतिकडं होत असन."

"मुळीच नाही." आणि त्यांनी पुरावे मांडले: काचेचा रंग, बुचाचे आटे, छपाईची शाई. खऱ्यासाठीसुद्धा इतकी नेटकी मांडणी त्यांनी कधी केली नव्हती.

नंदिनीने बाटली जवळ ओढली. "मंग खरं बोलून राह्यला होता तो," ती म्हणाली.

वासुदेवरावांना हलके वाटले. आता सरळ घरी जा, त्यांनी तिला बजावले. चूक माझी होती असे नवऱ्याला तोंडाने सांग. माणूस मनाचा मोठा असेल तर हसून सोडून देईल.

तिने बाटली फडक्यात बांधली, पिशवीत ठेवली, वर सांबाराची जुडी नीट पसरली.

"त्या राती दार नाई उघडलं मी," ती पिशवीकडे पाहतच बोलली. "म्हटलं, नवी आहे म्हण, मंग उघडीन. तो वट्यावरून एकच म्हणे, जुनी आहे, नंदे, आईची शपथ. सकाळी उघडलं त आंग थंडगार. डॉक्टर म्हणे, हार्ट गेलं. हातातलं घड्याळ तेवढं चालू होतं." तिने ते मनगटावर पुन्हा फिरवले. "आज नवी निघाली असती, त झोप आली असती मले."

वासुदेवराव उठले तशी खुर्ची मागे कलंडली. "थांब, पोरी. मी खोटे बोललो. बाटली नवी आहे. काढ ती बाहेर. तो इशारा बघ, त्याचे दुसरे वाक्य—" त्यांनी भिंग तिच्यापुढे धरले.

नंदिनीने पिशवी उघडली नाही. तिने खाली पडलेली खुर्ची उचलली, त्यांच्यामागे सरळ लावली आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना हळूच बसवले.

"राहू द्या, सर. माह्यासाठी कायले खोटं बोलता? तुम्ही कधी बोलले नाई, म्हणूनच त आली होती मी."