चांदणीच्या जागी

"चार म्हणजे चांदणीच, मॅडम. आणि चांदणीला गाडी मिळत नाही," असं म्हणून साहेबांनी फाइल मिटली.

अनुजा तरीही टेबलापाशी उभी राहिली. मृत्यूच्या नोंदी वाचून कारणांचा वस्तीवार तक्ता करणं हे तिचं काम. एका वस्तीत एखाद्या रोगाने गेलेली माणसं पाचापेक्षा कमी असली, तर आकडा छापायचा नाही, त्याच्या जागी चांदणीची खूण काढायची. आकडा लहान असला की घर ओळखू येतं. हा नियम बैठकीत तिनेच मांडला होता. पण क्षयाची तपासणी करणारी एक्स-रेची गाडी तो छापील तक्ता बघूनच फिरायची. इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या ज्या वस्तीत अनुजा राहायची, तिथे तीन वर्षांत क्षयाचे चार मृत्यू निघाले होते. तक्ता उद्या दुपारी छापायला जाणार होता.

पाचवा तिला ठाऊक होता. बसलिंगाप्पा. नोंदीत कारण होतं दमा. संध्याकाळी चढणारा ताप, रुमालातलं रक्त, महिन्यागणिक अंगावर सैल होत गेलेला सदरा हे तिने रोज येताजाता पाहिलं होतं. कारण दुरुस्त करायचं तर घरच्यांची सही हवी होती.

बसलिंगाप्पाची बायको शिवगंगा दारातच सुताच्या कांड्या भरत बसली होती. आतल्या खोलीत तिची मुलगी सौंदर्या खोकत होती.

"अक्का, एक सही द्या. नाव कुठेही येणार नाही."

"बसा की. च्या घ्या. सही कशाची?"

अनुजाने सांगितलं. "चार झालेत. तुमची नोंद बदलली की पाच होतील. मग गाडी येईल आणि अख्ख्या वस्तीच्या छातीचे फोटो काढतील. सगळेच रांगेत असले की सौंदर्याकडे कोण बोट दाखवणार?"

आतला खोकला एकदम थांबला. सौंदर्याने तो दाबून धरला होता.

"तिला काय झालंय? मागाची धूळ हाय ती." शिवगंगाचा हात कांडीवर तसाच फिरत राहिला. "नाव न्हाय येणार म्हनं. कोपऱ्यावर आमच्या मालकांचा श्रद्धांजलीचा डिजिटल बोर्ड लागला हुता की. फोटो, वय, तारीख, समदं. ह्या वस्तीत कोण कवा गेलं ते बारकं प्वार बी बोटावर मोजतंय. तुमचा पाच बघितला की पाच घरं हुडकायला किती येळ? पुढच्या म्हैन्यात पोरीची सुपारी फुटायची हाय, मॅडम."

"एकटीला दवाखान्यात तरी न्या."

"आन् कुणी बघितलं तर?"

"अक्का, पोरगी हातची जाईल. पाया पडते तुमच्या." अनुजा खरोखरच वाकली.

शिवगंगाने पाय मागे घेतले. मग तिने शांतपणे विचारलं, "तुमचं मालक कशानं गेलं वो?"

पलीकडच्या शेडमधले माग खडखडत होते.

"दम्यानं," अनुजा म्हणाली.

"मग आमचं बी दम्यानंच."

घरी आल्यावर अनुजाने चप्पलही काढली नाही. दोन वर्षांपूर्वी विश्वजित गेला, तेव्हा डॉक्टरांनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं होतं आणि 'दमा लिहा' असं तिनेच सांगितलं होतं. नणंदेचं, सुष्मिताचं लग्न ठरत होतं तेव्हा.

"विश्वजितचं कारण मी बदलून घेणार आहे, आई," ती सासूला म्हणाली.

बाळाबाई तांदूळ निवडत होत्या. "सुष्मिताच्या सासरी कळलं तर? सातवा चाललाय तिला."

"कळेल कदाचित."

बाळाबाईंनी सूप बाजूला सारलं. त्या दिवसापासून त्या सुनेशी बोलल्या नाहीत.

सकाळी अनुजाने अर्ज भरला. अर्जदार म्हणून सही केली, पत्नी असं नातं लिहिलं, आणि साहेबांची मंजुरी आल्यावर तक्त्यातली चांदणी खोडून पाच घातला.

पुढच्या आठवड्यात गाडी आली. तालमीसमोर रांग लागली. नावं लिहून घ्यायला अनुजा टेबल टाकून बसली होती. तक्त्यात छापून आलेले पाच रांगेतली माणसं खाली मान घालून बोटांवर मोजत होती.

"पाचवा बसलिंगाप्पाच," कोणीतरी म्हणालं. "दुसरं कोण असणार?"

दोन-चार माना शिवगंगाकडे वळल्या. ती सौंदर्याला पुढे घालून उभी होती. चार पावलं चालली तरी पोरीला धाप लागत होती. सही न करताही शिवगंगाच्या घराचं नाव पुढे आलं होतं. पाचवा खरा कोणाचा, हे मात्र सबंध रांगेत तिला एकटीलाच कळत होतं. एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती.

सौंदर्याचा दंड सोडून ती तरातरा टेबलाकडे आली. अनुजाने पेन खाली ठेवलं. आता विश्वजितचं नाव सगळ्यांसमोर निघणार होतं, आणि ती ते अडवणार नव्हती.

शिवगंगा टेबलावर वाकली. तिचा आवाज इतका खाली होता की मागच्या बाईलाही ऐकू गेला नाही.

"द्या तो सहीचा कागद," ती म्हणाली. "पाच न्हाईत, मॅडम. सहा हाईत."