गजभियेबाबूंची गाठ

वडील गेले आणि त्यांच्या जागी प्रेमिला नागपूरच्या कचेरीत, रेकॉर्ड रूममध्ये कामाला लागली. जुन्या कागदांचे फोटो काढून ते फिल्मवर जतन करायचे काम तेव्हा नुकतेच निघाले होते. लाल कापडातले बस्ते सोडायचे, कागद फोटोवाल्याकडे द्यायचे आणि परत आले की पुन्हा बांधून फळीवर ठेवायचे. प्रत्येक बस्त्यावर वडिलांच्या हातची गाठ होती.

शिपाई महादेवरावांनी कात्री पुढे केली. “कापून टाक वं पोरी. गजभियेबाबू गाठ मारत का कुलूप लावत, मले तं कधी समजलंच नाही.”

ती हसली, पण कात्री घेतली नाही. एकदा सुटलेली ही गाठ पुन्हा कोण मारणार होते? नखांनी एकेक पीळ उलगडताना कापडाचे टोक कुठून कुठे जाते, ते ती बघत राहिली आणि आपल्या पदराला तशीच गाठ मारून पाहत राहिली.

आठवड्याने महादेवराव आले. फोटो होऊन फळीवर परत गेलेल्या बस्त्यांवरच्या गाठी बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

“आठ दिवस काय करून राहिली होती वं? यातला एकबी बस्ता सोडला नाही तुनं!”