ठिबकणं थांबलं

बाथरूमच्या छतातून वर्षभर ठिबकणारं पाणी अखेर थांबलं होतं. शर्वाणीने खालची बादली उचलली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तान्हं बाळ सकाळपासून अंगावर प्यायला बघत होतं आणि दर वेळी तोंड सोडवून टाहो फोडत होतं. दूधच येत नव्हतं.

सोसायटीचे सेक्रेटरी डिंगणकर दारात आले ते छाती फुगवूनच. "थांबली ना गळती? टाकीत नवे जंतू सोडलेत. जिथून पाणी झिरपतं ते भोक शोधतात आणि आतून बुजवून टाकतात. मी दुप्पट ओतले, उगाच कमी पडायला नकोत."

"काका, ते पाणी आम्ही पितोय!"

"पिऊ नका म्हणून परवाच ग्रुपवर टाकलं होतं की!"

शर्वाणीने मोबाइल उघडला. गुलाबाची फुलं आणि सुप्रभात यांच्या ढिगाखाली तो मेसेज होता. ती बाळाला उराशी घट्ट धरून हुंदक्यावर हुंदके देत राहिली.

डिंगणकर मात्र घाबरून तिच्या गालांकडे बघत होते. गाल कोरडे ठणठणीत होते.